डांबराचा दावा आणि रस्त्याचा इतिहास

पावसाळा लागला, खड्ड्यांचे फोटो फिरू लागले की त्यांच्या मागोमाग एक मजकूर मोबाईलवर हमखास येतो. आठव्या शतकात अब्बासी खलिफांनी बगदादचे रस्ते डांबराने बांधले होते आणि युरोप तेव्हा चिखलात चालत होता, असा त्याचा आशय. त्याचं भावंड म्हणावं असा दुसराही एक मजकूर आहे. शेरशाह सुरीने पाच वर्षांच्या कारकिर्दीत बंगालपासून सिंधूपर्यंत पक्की सडक बांधली आणि आज आपल्याला पाच किलोमीटर धड रस्ता करता येत नाही, असं तो सांगतो. दोन्ही मजकूर आपल्या मोहल्ल्यात आवडीने वाचले जातात. आवडणारच. इतिहासातून सतत आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्या जाणाऱ्या समाजाला कौतुकाचं काही सापडलं, तर ते पुढे पाठवावंसं वाटतं.

पण कौतुक करायचं तर ते खऱ्या गोष्टीचं करावं. या दोन्ही गोष्टींत खरं बरंच आहे, फक्त मजकुरात सांगितलेलं आहे ते नव्हे.

आधी डांबराकडे पाहू. इराकच्या सपाट प्रदेशात दगड नाही. दजला आणि फरात या नद्यांनी आणून टाकलेला गाळ हीच तिथली जमीन. म्हणून तिथल्या माणसाने हजारो वर्षं विटेनेच बांधकाम केलं. वीट पाण्याने विरघळू नये म्हणून जमिनीतून आपोआप पाझरणारं काळं, चिकट डांबर त्याच्या हाताशी होतं. फरातच्या काठी हीत नावाचं गाव आहे. तिथलं डांबर बाबिलोनच्या भिंतींना वापरलं, हे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहून गेला आहे. बाबिलोनचा मिरवणुकीचा राजमार्ग उत्खननात सापडला. त्यात खाली डांबरात बसवलेल्या विटांचा थर आणि वर चुनखडीच्या मोठ्या फरश्या आहेत. इस्लामच्या उदयाआधी बाराशे वर्षं, नबुखदनेस्सर राजाच्या काळातलं हे काम आहे. डांबर तिथे होतं, पण चालायच्या पृष्ठभागाखाली. त्याचं काम विटा धरून ठेवणं आणि पाणी अडवणं हे होतं.

मुस्लिम काळातही डांबराचा वापर थांबला नाही. इब्न बतूता १३२७ मध्ये बगदादला पोहोचला. शहराची रया तोवर गेलेली होती, मंगोलांच्या हल्ल्याला सत्तर वर्षं होत आली होती. तरी तिथले हमामखाने पाहून तो थक्क झाला. हमामांच्या भिंतींना आणि जमिनीला डांबराचा लेप दिलेला होता आणि पाहणाऱ्याला तो काळा संगमरवर वाटे, असं त्याने नोंदवलं आहे. हे डांबर कुफा आणि बसरा यांच्यामधल्या एका झऱ्यातून येई. झऱ्याच्या कडेला ते चिखलासारखं साचे आणि लोक ते फावड्याने ओढून बगदादला आणत. मोसुलजवळच्या अल्-कय्यारा या गावच्या डांबरझऱ्याचंही वर्णन त्याने केलं आहे. त्याच्या दीडशे वर्षं आधी अंदलुसचा इब्न जुबैर त्याच वाटेने गेला होता, त्यानेही ते केलं आहे. गावाचं नावच ‘कार’, म्हणजे डांबर, या अरबी शब्दावरून पडलेलं. २०१६ मध्ये माघार घेणाऱ्या आयसिसने जिथल्या तेलविहिरी पेटवल्या आणि महिनोन्‌महिने आकाश काळं राहिलं, ते हेच कय्यारा.

म्हणजे इब्न बतूताला दिसलेलं डांबर हमामात होतं, रस्त्यावर नव्हतं. अब्बासी काळातल्या कारागिरांची कमतरता हे याचं कारण नाही. त्यांना तशा रस्त्याची गरजच नव्हती. रिचर्ड बुलिएट या अमेरिकी इतिहासकाराने १९७५ मध्ये ‘उंट आणि चाक’ या विषयावर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. अरब भूमीत आणि आसपास चाकाची गाडी इस्लामच्या आधीच मागे पडू लागली होती, कारण ओझं वाहायला उंट गाडीपेक्षा स्वस्त पडे, हे त्याने दाखवून दिलं. उंटाला सडक लागत नाही. त्याचा पाय गादीसारखा मऊ, कडक दगडापेक्षा माती त्याला बरी. बगदादच्या गल्लीबोळांतून उंट, गाढवं, खेचरं आणि माणसं चालत. त्यांना हवी होती सावली, पाणी आणि मोकळी वाट. वाट मोकळी राहते की नाही, कोणी ओटा पुढे काढून ती अडवतं का, हे पाहायला मुहतसिब नावाचा अधिकारी असे. त्याच्या कामाबद्दल अरबीत स्वतंत्र ग्रंथ आहेत.

रस्ता कसा बांधायचा हे त्यावरून काय चालणार आहे यावर ठरतं. ही साधी गोष्ट लक्षात घेतली की शेरशाहचा मजकूरही नीट वाचता येतो.

शेरशाहची हकिगत सांगणारा मुख्य ग्रंथ अब्बास खान सरवानीचा आहे. तो शेरशाहनंतर काही दशकांनी, अकबराच्या हुकमावरून लिहिला गेला. त्यात चार मार्गांची नावं येतात. पंजाबात बांधलेल्या रोहतास किल्ल्यापासून बंगालमधल्या सोनारगावपर्यंत एक, आग्र्याहून जोधपूर आणि चित्तोडकडे एक, लाहोरहून मुलतानला एक आणि आग्र्याहून थेट दख्खनच्या सीमेवरच्या बुऱ्हाणपूरपर्यंत एक. हा शेवटचा मार्ग आपल्या खानदेशाच्या दारात येऊन थांबतो, तरी आपल्याकडे त्याची आठवण फार कोणी काढत नाही.

सरवानी मोजून काय सांगतो? दर दोन कोसांवर एक सराई, अशा एकूण सतराशे सराया. प्रत्येकीत हिंदूंसाठी आणि मुसलमानांसाठी वेगळ्या खोल्या. दारात पिण्याच्या पाण्याने भरलेले माठ. हिंदू प्रवाशांचं गरम-थंड पाणी, अंथरूण, जेवण पाहायला नेमलेले ब्राह्मण. मध्यभागी विहीर आणि पक्क्या विटांची मशीद, तिच्यात इमाम आणि मुअज्जिन. डाकेसाठी दोन घोडे. जनावरांना सरकारी खर्चाने चारा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फळझाडं, उन्हाळ्याच्या झळांत प्रवाशाला सावलीतून जाता यावं म्हणून. पक्क्या विटेचा उल्लेख मशिदीच्या संदर्भात आहे, सडकेच्या नाही. सडक मातीची होती, आणि मुळात ती शेरशाहच्या आधी निदान दीड हजार वर्षं चालती होती. मौर्यांच्या काळातला उत्तरापथ तो हाच.

मग त्याने नवीन काय केलं? प्रवास माणसाला झेपेल असा केला, आणि सुरक्षित केला. ज्या गावाच्या हद्दीत वाटमारी होई, त्या गावच्या मुकद्दमाने चोर हजर करावा, नाहीतर शिक्षा स्वतः भोगावी, असा दंडक होता. फरसबंदीपेक्षा हे अवघड काम आहे, असं माझं मत आहे. सडकेचं कौतुक करताना आपण माठ, विहीर आणि झाड विसरतो आणि जे नव्हतं त्याचं श्रेय शेरशाहच्या पदरात घालतो. पुढे जहांगीरने १६१९ मध्ये आग्रा ते लाहोर दर कोसाला मिनार आणि दर तीन कोसांवर विहीर बांधायचा हुकूम दिला. तीही याच जातीची सोय.

मातीच्या सडकेची मर्यादा उघड होती. चार महिने पाऊस पडला की ती बंद. फौजा एका जागी छप्पर घालून राहत, ‘छावणी’ हा शब्द त्यातूनच रुळला. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत, त्यामागेही वाट सुकण्याचा हिशेब होताच. मोगल फौजेच्या पुढे बेलदारांची टोळी चाले. चढ-उतार कापायचे, ओढ्यांचे काठ मोडून उतार करायचा, तोफा जातील एवढी वाट काढायची, हे त्यांचं काम. फौज गेली की वाट पुन्हा ज्याची त्याची.

दख्खनचं चित्र आणखी वेगळं. इथे दगड हवा तेवढा, आणि त्यात बांधीव वाटही जुनी आहे. सातवाहन काळातला नाणेघाट कातळ फोडून, दगडी टप्पे बांधून काढलेला आहे, पण तो पायी माणसासाठी आणि लादलेल्या जनावरासाठी. सह्याद्रीतून गाडी चढत नव्हती. धान्य आणि मीठ लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल लिहितो. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की गाडीवाल्याला दोन-तीन दिवस कडेला थांबावं लागे. बैलाच्या खुरालाही खडीचा रस्ता सोसत नाही, माती बरी.

मग चाक आलं. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. मुंबई आणि पुणे यांच्यात प्रथमच चाकावरून थेट जाता येऊ लागलं. त्याच सुमारास गंगेच्या खोऱ्यात जुन्या उत्तरापथावर कंकर पडू लागला. तिथे दगड मिळत नाही, म्हणून शेतातून निघणारे चुनखडीचे गोटे आणायचे, पसरायचे, भिजवून ठोकायचे. भिजून ठोकलेला कंकर दगडासारखा घट्ट होतो. शेरशाहच्या नावाने ओळखली जाणारी सडक ‘पक्की’ झाली ती अशी, त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी, कंपनीच्या तोफा आणि टपाल जावं म्हणून.

या नव्या सडकेची विद्या जॉन मॅकॅडम या स्कॉटिश माणसाची. १८१६ पासून तो ब्रिस्टलच्या रस्त्यांचा प्रमुख होता. त्याच्या आधीचे बांधणारे खाली मोठमोठे दगड रचून मजबुती शोधत. मॅकॅडम म्हणाला, भार शेवटी खालची माती उचलते. ती कोरडी राहिली तर कितीही भार घेईल, ओली झाली तर कुठलाही दगड वाचवणार नाही. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच घ्या, कासवाच्या पाठीसारखा मध्ये फुगीर ठेवा, कडेला चर खणा. वर दहाएक इंच खडी पसरा, पण एकही तुकडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा, जड नको. त्याचे तपासनीस खिशात छोटा तराजू घेऊन फिरत. गोल गोटा चालत नाही, फोडलेला कोनेदार तुकडाच हवा, कारण वरून चाकं गेली की कोपऱ्यात कोपरा अडकून खडी एकजीव होते.

आपल्याकडे ही विद्या चांगली रुजली, कारण सह्याद्रीचा काळा पाषाण फोडला की तसाच कोनेदार फुटतो. अडचण खाली होती. काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण रस्त्याला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वर काहीही बांधा ते हलणारच. म्हणून शहाणा मिस्त्री आधी काळी माती खरवडून काढतो, मुरूम भरतो, पाणी मारून दाबतो. त्यावर हाताने उभे रचलेले दगड, त्याला सगळे सोलिंग म्हणतात. मग जाड खडी, रोलर, फटींमध्ये मुरूम आणि पाणी, पुन्हा रोलर. हे झालं खडीकरण. डांबर यानंतर येतं. बिलात मात्र खालचे थर कागदावर आणि वरचं काळं दिसेल इतपत, असं होतं तेव्हा पहिल्याच पावसात उत्तर मिळतं. पाणी भेगेतून आत शिरतं, खालची माती मऊ पडते, चाक तिला पिचकारीसारखं वर फेकतं आणि वरचं काळं खचतं. खड्डा वर दिसला तरी त्याची सुरुवात बहुधा खाली झालेली असते.

आता १७० ग्रॅमची ती खडी फोडली कोणी? इंग्लंडात मॅकॅडमने हे काम बसून करण्यासारखं केलं. छोटा हातोडा दिला आणि बायका, म्हातारे, मुलं यांना कामाला लावलं, कारण त्यांची मजुरी कमी. हिंदुस्थानात वडार, बेलदार होतेच. पण सर्वांत मोठी फौज दुष्काळाने पुरवली. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातले शेतकरी सरकारी कामांवर खडी फोडायला बसले. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कापली. पुरुषाला दिवसभराच्या कामाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. दगड फोडणाऱ्या माणसाला दिवसाला अर्धा किलोही धान्य नाही. हजारो मजूर कामावरून उठून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हे प्रकरण सरकारपुढे लावून धरलं. आपल्याकडे ‘खडी फोडायला जाणे’ याचा अर्थ तुरुंगात जाणे असाही होतो. कैद्याचं आणि दुष्काळी माणसाचं काम एकच होतं.

डांबर रस्त्यावर आलं ते मोटारीमुळे. लोखंडी धावेचं चाक खडी दाबत होतं. रबरी चाक वेगाने फिरून तिच्यातली बारीक भुकटी उचलून उडवू लागलं. धूळ असह्य झाली आणि खडीही सुटू लागली. १९०१ मध्ये इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमशरचा सर्व्हेअर एडगर हूली याला एका कारखान्याबाहेर रस्त्याचा एक तुकडा अगदी गुळगुळीत, धूळ नसलेला दिसला. तिथे डांबराचं पिंप फुटून सांडलं होतं आणि लोकांनी त्यावर भट्टीची मळी टाकली होती. पुढच्या वर्षी त्याने पेटंट घेतलं. ते डांबर कोळशापासून गॅस काढताना मागे राहणारं होतं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांना ते नाव पडलं ते याच कोळशाच्या डांबरामुळे. आज रस्त्यावर पडतं ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाला उरलेलं बिटुमेन, पण आपण दोघांनाही डांबरच म्हणतो. भारत ज्या देशांकडून सर्वांत जास्त कच्चं तेल घेतो त्यांत इराक आहे, बसऱ्याहून ते येतं. इब्न बतूताने पाहिलेल्या झऱ्याच्या मुलखातलं डांबर आता खरोखरच आपल्या रस्त्यांवर पडत असेल, फक्त सातशे वर्षं उशिरा.

हिंदुस्थानात मोटारी वाढल्या तसा रस्त्यांचा प्रश्न कायदेमंडळात गेला. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि त्या पैशातून रस्ते करायची पद्धत सुरू झाली. १९४३ मध्ये नागपुरात सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते जमले आणि वीस वर्षांची योजना आखली.

आणि तरी १९७२ साली महाराष्ट्रात पुन्हा खडीच फोडावी लागली. त्या दुष्काळात मे १९७३ च्या सुमारास जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. त्यात बायकांची संख्या मोठी. शेतकरी, शेतमजूर, विणकर, त्यांत आपल्या गावोगावचे मुसलमानही, एकाच रांगेत हातोडे घेऊन बसले. तळ्याचं, बंधाऱ्याचं काम आखायला वेळ लागे. खडी फोडायला मात्र दगड आणि हातोडा पुरे, म्हणून अनेक ठिकाणी तेच दिलं. दुपारी सुकडी वाटली जाई. मोजमाप ढिगाऱ्यावर होई आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त खडीचे ढीग तयार झाले. काहींवर गवत उगवलं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पोहोचली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम हा हक्क देशात प्रथम आपल्या राज्याने मान्य केला, तो या ढिगाऱ्यांच्या शेजारी बसून.

रस्त्याच्या कामावर कान देऊन ऐकलं तर भाषेचेही थर दिसतात. मुरूम, खडी, चर, पाथरवट हे शब्द इथल्या मातीतले. रस्ता, फरशी, सुरखी, बेलदार फारसीच्या वाटेने आलेले. कामाच्या कारभाराचे शब्दही तसेच: हजेरी, मुकादम, मजूर. शेरशाहच्या राज्यात चोरी झाली तर जीव गहाण ठेवणारा मुकद्दम, तोच आज नाक्यावरून माणसं गोळा करणारा मुकादम. आणि बिगारी. फारसीत ‘बेगार’ म्हणजे मोल न देता करून घेतलेलं काम. मराठीत वेठबिगार त्यावरूनच आला. आज बिगाऱ्याला मजुरी मिळते, पण नाव तेच राहिलं.

डांबर पाणी सहन करत नाही, खडी ओली किंवा धुळीची असेल तर धरत नाही, म्हणून डांबरीकरण कडक उन्हात होतं. दीडशे अंशांच्या आसपास तापलेलं डांबर झारीतून खडीवर ओततात. छोट्या कामांवर आजही पिंपाखाली लाकडं जळत असतात. टोळीतल्या बायका घमेल्यातून गरम माल टाकतात, पुरुष दाताळ्याने पसरतात, मागून रोलर येतो. बूट असतातच असं नाही. पायांना गोणपाट गुंडाळून वर सुतळी बांधलेली असते. गोणपाटावर डांबर चढत जातं, संध्याकाळपर्यंत पाय जड होतात, मग सुतळी कापून ते सोलून काढतात आणि दुसऱ्या दिवशी नवं गोणपाट बांधतात. काम उरकलं की टोळी टेम्पोत बसून पुढच्या तालुक्याला जाते. रस्त्याच्या तोंडाशी उभा राहतो तो फलक: कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, दोषदायित्वाची मुदत.